अक्कांचं 'धर'

"विचारलं," असं कुणी म्हटलं की अक्कांच्या कपाळावर आठी चढायची. आमचा शिपाई सखाराम चहावाल्याकडे दूध आलंय का ते बघायला जायचा आणि दारातूनच वर्दी द्यायचा, "विचारलं, अक्का!" अक्का हातातलं काम बाजूला ठेवायच्या. "तू विचारलंस ते कळलं. त्यो काय म्हणला?" सखाराम डोकं खाजवायचा. "येईल म्हणला." "कवा येईल म्हणला?" बिचारा पुन्हा जिना उतरायचा. एवढ्या उस्तवारीनंतर येणारा चहा बहुतेक वेळा गारच असायचा, पण अक्कांना त्याचं काही नव्हतं. त्यांना उत्तर हवं असायचं, तेही समोरच्याच्या तोंडचं, जसंच्या तसं.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. सांगलीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक कॉम्प्युटर आला होता. दोन लोखंडी कपाटं, एक खडखडणारा टेलिप्रिंटर आणि त्यांच्यासाठी खास बसवलेला कूलर. आम्ही पंख्याखाली घामेजायचो आणि यंत्र गारव्यात बसायचं. लोक बघायला यायचे ते चपला बाहेर काढून. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडायचा आणि अक्का स्वतः हळदकुंकू वाहायच्या, वर दमही द्यायच्या, "फितीवर कुंकू सांडलं तर तुमच्या डोक्यात नारळ फोडीन बघा."

त्या खोलीच्या त्या प्रमुख होत्या. जत तालुक्यातल्या मेंढपाळ घरातल्या. गणितात एम.एस्सी. झालेल्या, आवाज असा की कूलरची घरघर खाली बसावी. बोलायच्या मात्र गावाकडचंच. प्राचार्यांशीही तसंच आणि सखारामशीही तसंच. प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची खोड होती. मी लोणंदचा, नुकताच लागलेला अधिव्याख्याता, म्हणून मी 'लोणंद'. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे! नम्रता वगैरे भानगड त्यांच्यापाशी नव्हती. "तपासणी कशी करायची ते ह्या मुलखात मला एकटीला कळतंय," हे त्या येईल त्या पाहुण्याला ऐकवायच्या. आम्हाला राग यायचा. पण ते खरं होतं, त्याला काय करणार?

आम्ही प्रोग्रॅम लिहायचो आणि त्या तो तपासायच्या. त्यासाठी त्यांनी आणखी एक प्रोग्रॅम बांधला होता, त्याचं नाव 'तपासनीस'. कागदी फितीवर छिद्रं पाडून एकाखाली एक हुकूम लिहायचे, फीत लावायची, की तपासनीस ते हुकूम ओळीनं पाळायचा. यंत्राबरोबर आलेले हुकूम मोजकेच, म्हणून अक्कांनी पदरचे बनवले. अडचण एकच होती. हे घरचे हुकूम जे काही उत्तर द्यायचे, ते सरळ टेलिप्रिंटरच्या कागदावर उमटायचं आणि टोपलीत जायचं. तपासनिसाला त्याचा पत्ताच नसायचा. हुकूम पाळला गेला, एवढंच त्याला कळायचं, आणि तो छापायचा, 'ठीक'.

"ह्यो तर आपला सखारामच निघाला की!" अक्का कडाडल्या होत्या. मग त्यांनी एक नवा हुकूम बनवला, 'धर'. कुठल्याही हुकमाच्या आधी 'धर' लिहायचं, की त्या हुकमाचं उत्तर कागदावर न जाता यंत्राच्या स्मरणात धरून ठेवलं जायचं. त्यापुढे 'ताड' लिहायचं आणि जे यायला हवं ते उत्तर लिहायचं. तपासनीस दोन्ही ताडून बघायचा आणि मग 'ठीक' किंवा 'चूक' छापायचा. आज हे कुणालाही साधं वाटेल. तेव्हा मी त्या बाईंकडे बघतच राहिलो होतो. पुस्तक नाही, कुणी सांगणारं नाही, आणि सांगलीतल्या एका खोलीत बसून हे सुचावं!

कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं. त्या दिवशी स्वारी खुशीत होती, शेंगदाणे खात बसली होती. "आवं, आमचा बा मेंढरं घिऊन सा-सा महिनं लांब. आई कुणाच्या तरी हाती निरोप धाडायची. निरोप्या परत आला आणि 'सांगितलं' म्हणला, तर आई त्याला पाणी द्यायची, पण बस म्हणायची न्हाई. त्यो काय म्हणला ते सांग, मग बस. निरोप जातोय रं लोणंद, कुनाच्याबी पायानं जातोय. उत्तर आणायला माणूस लागतोय."

हा त्यांचा हिसका मला घरगुती बाबतीतही बसला. वडिलांचं पत्र आलं, साताऱ्याच्या स्थळाकडून होकार आलाय, तारीख धरतो. मी पेढे घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "पोरगी काय म्हणली?" "तिच्या वडिलांनी..." "बापाचं कुणी इचारलंय? पोरगी काय म्हणली?" मला माहीत नव्हतं. आमच्या घरात तर कुणालाच नव्हतं. रविवारी साताऱ्याला गेलो आणि सगळ्यांच्या देखत मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारणारे तुम्ही पहिलेच. माझी हरकत नाही, पण माझी नोकरी मी सोडणार नाही." सोमवारी हे अक्कांना शब्दाला शब्द सांगितलं, तेव्हा तो पेढा त्यांच्या तोंडात गेला. वाळून कडक झाला होता. त्यांनी ठेवला होता.

पण अक्का म्हणजे काय चीज होती, हे मला कळलं ते टँकरच्या कामात.

कॉलेजच्या यंत्राला बाहेरचं काम मिळत नव्हतं. नुसतं शिकवण्यासाठी एवढं यंत्र सांगलीत कशाला, ते पुण्याला हलवा, असं वरून सारखं येत होतं. अक्कांचा जीव त्या खोलीत होता. "यंत्र गेलं तर मी जत्तंला जाऊन मेंढरं मोजीन," असं म्हणायच्या, पण हसून नव्हे. अशात प्रांतसाहेबांनी विचारणा केली: पूर्वेकडच्या कोरड्या गावांना टँकर वाटायचे आहेत, कुठल्या गावाला किती पाणी, याचं पत्रक कॉम्प्युटरवर निघेल का? प्राचार्यांना आकाश ठेंगणं झालं. हे काम जमलं तर यंत्र सांगलीतच राहणार होतं. गावांच्या यादीत अक्कांचं गावही होतं. त्यांची म्हातारी आई तिथंच राहायची.

प्रोग्रॅम आम्ही सगळ्यांनी मिळून बांधला. आधी फक्त माणसं धरली होती. अक्कांनी तो झिडकारला. "मेंढरं काय तुमच्या घरी पाणी प्यायला येत्यात? पाऊस ओढ देतोय आणि कळप तर परतलेलं असत्यात. त्येंचं पाणी कोण धरणार?" मग प्रोग्रॅम प्रत्येक गावासाठी दोन ओळी छापू लागला, आधी माणसांचं पाणी, मग जनावरांचं. अक्कांनी 'कळप' नावाचा खास हुकूम बनवला. तो दिला की गावात मेंढरं परतली असं प्रोग्रॅमला वाटायचं आणि उत्तरात त्या गावाच्या दोन्ही ओळी यायच्या. 'धर', 'कळप', 'ताड'. सगळ्या गावांना तपासनीस म्हणाला, ठीक.

ठरल्या दिवशी प्रांतसाहेब आले. बाहेर जीप उभी होती, पत्रक निघालं की त्याच जीपनं जतला जाणार होतं. प्राचार्यांनी चांगल्या कपबशा काढल्या होत्या. अक्कांनी नवं इरकली लुगडं नेसलं होतं. त्यांनी साहेबांच्या देखत सगळी तपासणी पुन्हा चालवली. ठीक, ठीक, ठीक. साहेब खूश. प्राचार्य म्हणाले, "आता पत्रक काढा."

"थांबा की जरा," अक्का म्हणाल्या. "तपासनिसाला कुणी तपासलंय?"

ही त्यांची नेहमीची रीत होती. सगळं ठीक आलं, की शेवटी फितीत मुद्दाम एक खोटं उत्तर घालायचं आणि तपासनीस ओरडतो का ते बघायचं. आजवर तो दर वेळी ओरडला होता. ते साहेबांना दाखवायची त्यांना हौस होती, दुसरं काही नाही! त्यांनी फितीचा नवा तुकडा टोचला. स्वतःच्याच गावासाठी माणसांच्या ओळीत भलताच आकडा घातला, जनावरांची ओळ खरी ठेवली. "आता बगा कसं बोंबलतंय त्ये," त्या साहेबांना म्हणाल्या.

टेलिप्रिंटर खडखडला. ठीक.

साहेबांना काहीच कळलं नाही. ते बशीत चहा ओतत होते. प्राचार्यांनाही कळलं नाही. खोलीत कळलं ते फक्त मला आणि अक्कांना. आमचं 'धर' एकच ओळ धरत होतं. यंत्राची स्मरणशक्ती तोकडी, म्हणून अक्कांनीच ते तसं बांधलं होतं. दुसरी ओळ आली की पहिली पुसली जायची, आणि 'ताड'सुद्धा शेवटचीच ओळ बघायचं. आजवर उत्तरं एकेका ओळीचीच असायची, म्हणून ते खपून गेलं होतं; इथं मात्र माणसांच्या पाण्याची ओळ कुणी तपासलीच नव्हती. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा. यंत्र टिकायचं असेल तर आत्ता गप्प बसा, उद्या बघू. दुसरा कुणीही गप्प बसला असता. मी तर नक्कीच बसलो असतो.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "साहेब, पत्रक निघायचं न्हाई. माझं धर खोटं हाय."

"म्हणजे काय?" प्राचार्यांची बशी वाजली.

"म्हंजे मी निरोप्याकडनं शेवटचं तेवढं ऐकलं आन् बस म्हणलं. आदीचं ऐकलंच न्हाई." आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी 'धर' काढून 'कळप' उघडा चालवला. आपल्याच गावाची दोन ओळींची उत्तरं कागदावर उमटली. जनावरांची ओळ बरोबर होती. माणसांच्या ओळीत शून्य होतं. कळपाचं पाणी प्रोग्रॅमनं माणसांच्या वाट्यातून कापून घेतलं होतं. अक्कांनी तो कागद फाडला आणि साहेबांच्या हातात दिला. "ही माझी आई ऱ्हाती तिथं."

प्राचार्य रदबदली करू लागले, आठवड्यात दुरुस्त होईल म्हणाले. साहेब मोठ्यानं हसले. "मग आमचा कारकूनच बरा की हो!" जीप रिकामी गेली. टँकर दरवर्षीसारखे कारकुनाच्या हिशेबानं सुटले, आणि यंत्र पुण्याला हलवायचं ठरलं. प्राचार्य पुढं कित्येक दिवस अक्कांशी बोलले नाहीत.

मी एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, उद्यावर ढकललं असतं तर? यंत्र तरी राहिलं असतं." त्या चिडल्या नाहीत, हेच नवल. "जीप हुबी हुती रं, लोणंद. कागूद त्याच दिशी गेला असता. आणि तिकडं आईनं टँकरवाल्याला इचारलं असतं, आमचं पाणी? त्यानं काय म्हणायचं?"

पुढं मी पुण्याला गेलो, याच धंद्यात जन्म काढला. तपासणीची साधनं अशी बदलली की विचारू नका. माझ्या हाताखालच्या पोरांचा मी 'झालं' हा शब्द कधी चालवून घेतला नाही, आणि सगळं बरोबर आलं की एक खोटं घालून बघितल्याशिवाय कुणाला घरी सोडलं नाही. पोरं मागं मला काय म्हणायची, ते मला ठाऊक आहे. अक्का जतला एका शाळेत गणित शिकवत राहिल्या आणि तिथंच गेल्या. एवढ्या तालेवार माणसाजवळ मला बसायला मिळालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

यंत्र पुण्याला न्यायला ट्रक आला त्या दिवशी हमाल दाराशी दोर घेऊन उभे होते. अक्का आत यंत्रापाशी बसल्या होत्या. त्या मधल्या दिवसांत त्यांनी 'धर' पुन्हा बांधलं होतं, सगळ्या ओळी धरणारं. कुणीही मागितलं नव्हतं. प्राचार्य बाहेरून घाई करत होते. अक्कांनी तीच जुनी फीत लावली, त्यांच्या गावाची, माणसांच्या ओळीत खोटा आकडा असलेली. टेलिप्रिंटर खडखडून थांबला. अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काय म्हणलं रं, लोणंद?"

"चूक म्हणालं, अक्का."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं यंत्र बंद केलं आणि हमालांना आत बोलावलं.