बाबांचा वस्तरा आणि आमची मनगटं

आमच्या घरात डाव्या मनगटावर केस म्हणून कुणाच्या नव्हते. बाबा वस्तऱ्याला धार लावायचे आणि ती लागली की नाही हे बघायला जो समोर सापडेल त्याचा डावा हात ओढायचे. कोरडा वस्तरा मनगटावरून फिरायचा. केस न ओढता, न टोचता गळून पडले तर धार आली. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तेव्हा मी भाजलं होतं म्हणून सांगायची. माझा नवरा मला बघायला परतवाड्याला आला, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "हात करा पुढं." त्या बिचाऱ्याला वाटलं, हे हस्तरेषा बघतात. त्यानं तळवा पसरला. बाबांनी तो उलटा केला आणि पोह्यांची बशी यायच्या आत मनगटावर रुपयाएवढं मैदान करून टाकलं. तरीही तो मला हो म्हणाला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

न्हाव्याकडे का जात नाही, असं कुणी विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "जो आपला गळा दुसऱ्याच्या हाती देते ना, तो उद्या वावरही बटाईनं देईन." आपली शेती दुसऱ्याला वाट्यानं कसायला देणारा माणूस बाबांच्या लेखी माणसातून उठलेला. त्यांनी संत्र्याची बाग कधी बटाईनं दिली नाही आणि गळाही दिला नाही.

पण आता वय झालं. हात थरथरतो. मागच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला ते हनुवटीवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून गेले. रक्त थांबावं म्हणून लावलेले, काढायचे राहिले. लग्नाच्या व्हिडिओत बाबा अक्षता टाकताना दिसतात, आणि नीट पाहिलं तर त्यांच्या हनुवटीवर 'पाहिजेत' एवढी अर्धी जाहिरात वाचता येते. अकोल्याच्या माझ्या भावानं तो व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याच आठवड्यात ट्रिमर घेऊन हजर झाला.

"बाबा, माया पोरीच्या साखरपुड्यात तुमच्या तोंडावर एक जरी चिरा दिसला, तं वस्तरा माया कपाटात जाईन."

"मंजूर," बाबा म्हणाले. ट्रिमरचा डबा त्यांनी न उघडताच माळ्यावर टाकला.

साखरपुडा जवळ आला तशी मी मदतीला म्हणून अमरावतीहून परतवाड्याला गेले. आईनं चहाचा कप पुढे केला आणि माझं लक्ष तिच्या मनगटावर गेलं. तिथे केस होते, चांगले वाढलेले.

"आई, हे काय वं?"

"धारच नाही लागून राह्यली त्याईची," आई दाराकडे बघत हळूच म्हणाली. "नुसते केस उपटून राह्यले. मी हात देनंच सोडून देल्लं."

धारदार वस्तरा एकवेळ परवडला, बोथट नको. तो केस कापत नाही म्हणून माणूस दाबतो, आणि दाबला की कातडी निघते. त्यात थरथरता हात. भावाच्या कपाटाची दारं मला उघडी दिसायला लागली. दुसरी माणसं देवपूजा करतात तसे बाबा रोज सकाळी त्या वस्तऱ्यापुढे बसतात. तो गेला तर ते दिवसभर करतील काय, याचाच मला धसका बसला.

बाबा ओसरीवर धारेच्या दगडावर वस्तरा घासतच बसले होते. मी वस्तरा घेतला आणि धार उन्हाकडे करून धरली. चांगली धार डोळ्याला दिसत नाही, उजेड तिच्यावर ठरतच नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. इथे मधोमध पांढरी रेघ लखलखत होती.

"तुया मायनं यानं कलमा बांधल्या," बाबांनी निकाल देऊन टाकला.

आता आईच्या माहेरी कलमांचाच धंदा. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा. चीर सालीपुरतीच, आतल्या लाकडाला ओरखडा उठला की रोप गेलं. हे काम आई डोळे मिटूनही करील, आणि त्यासाठी तिचा स्वतःचा चाकू आहे. तो ती बाबांनाही हात लावू देत नाही.

"मी कायले तो खराटा वापरू?" एवढं बोलून तिनं बाबांशी बोलणं बंद केलं. मग घरात माझं टपालखातं सुरू झालं. दोघं हाताच्या अंतरावर बसलेली आणि आई मला म्हणायची, "त्याईले सांग, जेवन वाढलं." बाबा म्हणायचे, "तिले सांग, भूक नाही." मी वैतागून दोघांचंही ताट उचललं, तेव्हा बाबांना भूक लागली.

घासणं मात्र थांबेना आणि धार काही येईना. बाबांनी दगडाला शिव्या घातल्या, तेलाला घातल्या, अखेर आजकालच्या पाण्यात दम नाही म्हणाले. शेवटी मीच पर्समधली काजळाची कांडी काढली आणि पात्याच्या धारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत काजळ फासलं.

"काहून? नजर लागली का वस्तऱ्याले?"

"घासा तं खरं. जिथं दगड लागन तिथलं काजळ जाईन."

बाबांनी पातं आडवं ठेवून फिरवलं. दोन्ही टोकांचं काजळ साफ गेलं. मधलं जसंच्या तसं. मी दगडावर मापपट्टी उभी धरली तर खालून उजेड आरपार. दगडाच्या मधोमध खळगा पडला होता. पातं दोन्ही कडांवर टेकत होतं आणि मध्ये अधांतरी फिरत होतं.

"पायलं का!" बाबा ओरडले. "कोनं पाडला हा खड्डा? कोन विळे घासते माया दगडावर?"

शेजारच्या दोन घरांवर संशय घेऊन झाला. गड्याचं नाव निघालं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती मला म्हणाली, "त्याईले विचार, ज्या पेटीत दगड राह्यते तिची किल्ली कोनाच्या करदोट्याले हाये?"

बाबांचा हात आपोआप कमरेकडे गेला. किल्ली तिथेच होती, लग्नाआधीपासून होती. दुसऱ्या कुणाचा हात त्या दगडाला लागलाच नव्हता. उभा जन्म एकाच जागी घासून तो खळगा त्यांनी स्वतःच पाडला होता. मी हसले. फार हसले. बाबा म्हणाले, "तिले सांग, चहा मांड."

मग अंगणातल्या शहाबादी फरशीवर बारीक रेती आणि पाणी टाकून आम्ही दगडच पालथा घालून घासला. मापपट्टीखालचा उजेड गेला, तेव्हा पुन्हा काजळ लावलं. या वेळी ते एकजात निघालं. मग दगडावर धार पुढे ठेवून, मग चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून, हलक्या हातानं वस्तरा फिरवला. संध्याकाळी बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं हात पदराखाली घेतला. म्हणून माझा ओढला. केस गळून पडले आणि मला कळलंही नाही. बाबा इतके खूश झाले की मला पुन्हा शाळेत असल्यासारखं वाटलं.

साखरपुड्याच्या सकाळी बाबा खांबावरच्या आरशापुढे बसले, गालाला फेस लावून. भाऊ गाडीची किल्ली फिरवत दारात उभा. बाबांनी वस्तरा उचलला. हात गालाजवळ गेला की थरथरायचा, मांडीवर आला की थांबायचा. पुन्हा उचलला, पुन्हा खाली ठेवला. धार होती, दगड सपाट होता, आता दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं. फेस वाळायला लागला. भावानंही किल्ली फिरवायची थांबवली.

आई आतून आली. नवं लुगडं नेसलेली, हात पदराला पुसत.

"आना इकडं."

"कायले?" कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलले.

"जंबेरीची साल तुमच्या गालापेक्षा पातय असते."

बाबांनी भावाकडे पाहिलं, वस्तऱ्याकडे पाहिलं आणि मूठ पुढे करून वस्तरा तिला देऊन टाकला. "गळा हाये वं. जपून पायजो."

"बटाईनं घेतला, समजा," आई म्हणाली. "पन अगुदर धार पायतो आमी."

तिनं त्यांचा डावा हात ओढला आणि बाही वर सारली. बाबांच्या मनगटावर पांढरे केस होते, लांब, दाट, जन्मात वस्तरा न लागलेले. ते मी पहिल्यांदाच पाहत होते.

"माया कायले? माया नको!" बाबा ओरडले.

आईनं वस्तरा फिरवला. केस गळून पडले.

"आली धार," ती म्हणाली, आणि त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.