फेब्रुवारीचे तीनशे रुपये

आमच्या मोताळ्याच्या घरमालकीणबाईंना आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात समजली नाही, आणि त्याची लाज न वाटणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आपण बाकीचे लोक न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावून पुढे निघतो. काकू तिथेच बसून राहायच्या. टीव्हीवर ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ असं कानावर आलं की सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता विचारायच्या, “तुरळक म्हंजे आपलं मोताळा का?” गॅसच्या टाकीत चौदा किलोंवर दोनशे ग्रॅम कशाला भरतात, हे त्यांनी टाकीवाल्याला इतक्यांदा विचारलं होतं की तो बिचारा टाकी फाटकाशी ठेवून पैसे शेजारणीकडून न्यायचा. स्टँडवरच्या कंट्रोलरला त्यांनी एकदा विचारलं, की गाडी जर रोज वीस मिनिटं उशिरा येते, तर बोर्डावरची वेळच वीस मिनिटं पुढे का लिहीत नाही? कंट्रोलरने थोडा वेळ विचार केला आणि तो चहा प्यायला निघून गेला.

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. गावाबाहेर त्यांचं दीड एकर वावर होतं. त्यात मेथी, वांगी, सांभार काढून त्या आठवडी बाजारात विकायच्या आणि घरातल्या दोन खोल्या नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या. मी सोनाळ्याची. मोताळ्याबाहेर सोयाबीनचं तेल काढणारी एक कंपनी होती, तिथल्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवण्याची नोकरी मला लागली. घराण्यात पगारावर काम करणारी मी पहिलीच. वडिलांनी एवढंच सांगून पाठवलं होतं, की सहा महिने बघू, कायम झालीस तर ठीक, नाहीतर परत ये. माझ्या खोलीत प्रतीक्षा होती, संग्रामपूरची, त्याच कंपनीत पॅकिंगला. खोली दाखवताना काकू डिपॉझिटबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “पह्यला पगार झाला की चिठ्ठी दाखवजा मले.”

“भाड्यासाठी का, काकू?”

“नाई वं. पाह्याले.”

पहिली पगाराची चिठ्ठी हातात आली तेव्हा आम्हा दोघींना फक्त शेवटचा आकडा कळला. त्याच्या डाव्या बाजूला ‘नेट पे’ लिहिलेलं होतं. प्रतीक्षाने ठामपणे सांगितलं की हे मोबाईलच्या नेटचे पैसे आहेत, कंपनी देते. मग पगार कुठे लिहिलाय, असं मी विचारल्यावर आम्ही चिठ्ठी काकूंकडे नेली. काकूंनी चष्मा लावला, चिठ्ठी ओसरीच्या उजेडात धरली आणि वरपासून एकेका ओळीवर बोट ठेवत सुरुवात केली. “हे काय?” मूळ पगार. “हे?” घरभाडं. “घरभाडं त मी घेऊन राह्यली, हे कंपनी कोनाले देते?” एका ओळीत एल, ओ, पी अशी इंग्रजी अक्षरं होती आणि पुढे दोन दिवसांचे पैसे वजा होते. मी तापाने घरी होते, ते हे दोन दिवस. काकूंनी अक्षरं जुळवली. “लोप. हे तरी मराठीत लिवलं बाई. पैशाचा लोप.” त्या मनापासून खूश झाल्या आणि लगेच पुन्हा गंभीर झाल्या. “पन बिमारीची सुट्टी भरपगारी असते का नसते?” मला माहीत नव्हतं. “मंग उद्या इचारून ये.”

असं दर महिन्याला चालायचं. प्रॉव्हिडंट फंडाच्या ओळीवर त्यांचा प्रश्न असायचा, “कापले ते समजलं, ठेवले कुठं?” त्या एका प्रश्नापायी आम्ही दोघींनी आपापला खाते क्रमांक ऑफिसातून मागून आणला आणि मोबाईलवर पासबुक उघडून त्यांना दाखवलं. काकूंनी ते पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजवून विचारलं, “पन मोबाईल हरपला त?” त्यांना उत्तर द्यायला जावं तर आपल्याला जे कळलंय असं वाटत होतं तेही हातातून निसटायचं. रागही यायचा. मैत्रिणींच्या घरमालकिणी रात्री कितीला आलात हे विचारायच्या, आणि आमची विचारायची, की जादा थांबलीस त्या दोन घंट्याचे पैसे दुप्पट लावले का?

मग मार्चमध्ये फेब्रुवारीची चिठ्ठी आली. दर महिन्याला व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जायचे, त्या ओळीत या वेळी तीनशे होते. माझ्या लक्षातही आलं नसतं. काकूंनी मागच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि त्यांचं बोट थांबलं. “अठ्ठावीस दिवसांचा मयना. दिवस कमी, अन् कापले जास्त. काऊन?”

त्या एका ‘काऊन’मागे आमचा दीड महिना गेला. कृषी केंद्राचा मालक म्हणाला, मार्च एंडिंग असतं. एकाने सांगितलं, लीप वर्षामुळे होतं. काकू म्हणाल्या, लीप वर्षी त एक दिवस जास्त येते, मंग कमी नको का कापाले? आणि तोही गोंधळला. शाळेच्या मास्तरांनी मात्र पाटीवर मांडून दाखवलं: वर्षाचे अडीच हजार, अकरा महिने दोनशे म्हणजे बावीसशे, उरले तीनशे, ते फेब्रुवारीत. मला अगदी हायसं वाटलं. परत येताना काकू रस्त्याच्या मधोमध थांबल्या. “पन फेब्रुवारीतच काऊन? आखरीचा मयना त मार्च हाय ना?” मी कपाळाला हात लावला. मास्तरांकडे पुन्हा गेलो. मास्तर म्हणाले, तसा नियम आहे. काकू म्हणाल्या, नियम हाय हे समजलं, काऊन हाय ते सांगा. मास्तरांच्या बायकोने आम्हाला चहा दिला आणि विषय बदलला.

उलगडा झाला तो बाजारात, आणि तोही भलतीकडूनच. त्या दिवशी मी काकूंच्या मदतीला बसले होते आणि सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर मेथी घ्यायला आल्या. काकूंनी जुडीबरोबर फेब्रुवारीही त्यांच्यापुढे ठेवली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. “पगार किती तुझा?”

“बारा हजार.”

“मग दोनशे तरी कशाला कापतात? आपल्या राज्यात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर नाहीच. माझी भाची मलकापूरला दुकानात आहे, तिचा एक रुपया कापत नाहीत.”

काकूंनी तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजे आपन दीड मयना वरचे शंभर इचारून राह्यलो, अन् खालचे दोनशे कोनीच नाई इचारले!” एवढ्या शंका काढणाऱ्या बाईला ही मूळ शंका आली नव्हती, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी वांगी पाच रुपयांनी स्वस्त विकली.

“तू ऑफिसात इचार,” त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि विचारलं नाही. एप्रिल संपला की माझे सहा महिने पुरे होणार होते. कायम होण्याच्या तोंडावर साहेबांपुढे कोण जाणार? काकू रोज विचारायच्या, मी रोज म्हणायचे, साहेब बाहेरगावी आहेत. आठ दिवस साहेब बाहेरगावी राहिले. नवव्या दिवशी मी काट्यावर बसलेली असताना समोरच्या आकड्यावर सत्तर किलो उमटले. काट्यावर ट्रक नव्हता. खिडकीतून वाकून पाहिलं, तर साठ टनांच्या त्या लोखंडी फळीच्या मधोमध काकू भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उभ्या होत्या आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

“ऑफिस कोन्या बाजूले हाय वं?” त्यांनी तिथूनच विचारलं.

त्यांना एकटं सोडणं शक्य नव्हतं. काट्यावर दुसऱ्या मुलाला बसवून मी त्यांच्यामागे गेले. अकाउंटंट साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी काकूंना खुर्ची दिली. काकूंनी माझ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि बोट ठेवलं. “साहेब, पोरीचे हे पैसे कायले कापता?”

“मावशी, ते सिस्टीममधून आपोआप येतं.”

“मंग सिस्टीमले बलावा. मी बसतो.”

साहेब हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांना खरोखर वाटलं होतं की सिस्टीम कोणीतरी बाई आहे आणि जेवायला गेली आहे. शेवटी साहेबांनी अकोल्याला, सॉफ्टवेअर पाहणाऱ्या माणसाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ टकटक ऐकू आली. मग आवाज आला, “सर, तुमच्याकडे लेडीज आहेतच कुठे? इथे सगळे मेल दिसतात.” नोंद करताना तो रकाना कोणी भरलाच नव्हता, आणि रिकामा रकाना म्हणजे पुरुष, असं ते सॉफ्टवेअर धरून चालत होतं. कंपनीतल्या अकराच्या अकरा बायका कागदावर पुरुष होत्या.

काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आता हे त मले अजिबात नाई समजलं,” त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यापासून अकरा जणींचा कर कापणं थांबलं. आधीचे पैसे दोन हप्त्यांत परत आले. पॅकिंगच्या बायका मला चहा पाजू लागल्या. पण त्याआधी, एप्रिलच्या अखेरीलाच, मला एक पाकीट मिळालं: कायम करण्याची मुदत तीन महिने पुढे ढकलली होती. कारण लिहिलेलं नव्हतं. माझ्यासोबत लागलेला काट्यावरचा मुलगा कायम झाला होता.

ती चिठ्ठी मी काकूंना दाखवणार नव्हते, पण प्रतीक्षाने सांगितलं. काकू आमच्या खोलीत आल्या, कॉटच्या कडेला बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी कागदावर बोट ठेवलं नाही. “मायामुळं झालं का बाई?” मी नाही म्हटलं. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही. साहेबांच्या मनात राग होता, की नुसता आणखी एक रकाना भरायचा राहिला होता. काकू उठून गेल्या आणि मग कितीतरी दिवस त्यांनी मला काहीच विचारलं नाही. घर फार शांत झालं. टीव्हीवर तुरळक पाऊस येऊन जायचा, कोणी काही बोलायचं नाही. ती शांतता मला सोसेना. एका संध्याकाळी मी कागद घेतला आणि कंपनीला अर्ज लिहिला: मुदत का वाढवली, त्याचं कारण लेखी कळवावं. माझ्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. काकूंना वाचून दाखवला, तर म्हणाल्या, “पोच घेजो.” पोच म्हणजे काय, हे त्या दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं, पोचपावती ही एकच गोष्ट असावी जी त्यांना पक्की समजलेली होती. कारण मला कधीच कळवलं गेलं नाही. वीस दिवसांनी कायम झाल्याचं पत्र मात्र आलं.

आता मी अकोल्याला दुसऱ्या नोकरीत आहे. प्रतीक्षाचं लग्न झालं. काकूंचा मुलगा सुरतेला असतो; गुडघे दुखायला लागल्यावर तो त्यांना घेऊन गेला. वावर बटाईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं. मुलाचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. फोन केला की सांगतात, “इथं लिफ्ट हाय, सगळं हाय. इचाराले कोनी नाई.” मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. खाली गेटवर एक वॉचमन बसतो, कुठल्यातरी लांबच्या मुलखातला. त्याची भाषा काकूंना येत नाही, काकूंची त्याला. तरी त्याने आपली पगाराची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली होती. “बारा घंटे बसते बिचारा. सुट्टी नाई म्हंते, असं मले वाटते. का हाय म्हंते, देव जाने. तुले फोटू धाडतो, पाह्य.”

फोटो आला. चिठ्ठीचा अर्धा भाग काकूंच्या अंगठ्याखाली झाकला गेला होता. ना आकडा दिसत होता, ना नाव. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. इतकी वर्षं भाज्या खुडून त्या अंगठ्याच्या रेषांमध्ये जो काळा-हिरवा डाग बसलेला असायचा, तो आता जवळजवळ गेला होता. अंगठा स्वच्छ, गोरा, परक्या बाईचा वाटावा असा. मी बराच वेळ तो पाहत राहिले आणि मग त्यांना कळवलं की काकू, नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा.