घायपाताच्या गव्हाणीचं पेटंट

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ भूममध्ये फायबरच्या वस्तू बनवतो. टाक्या, दारं, जनावरांच्या गव्हाणी. मी दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतो. आमच्याकडं प्रत्येकाच्या दुधाचा आकडा बाहेरच्या फळ्यावर लिहायची पद्धत आहे. आकडा उघडा असला की संशय राहत नाही, असा माझा वीस वर्षांचा अनुभव.

मेहुण्यानं गव्हाणीत काचेच्या धाग्याबरोबर घायपाताचा धागा, म्हणजे वाख, घालायला सुरुवात केली. वाख आधी चुन्याच्या निवळीत अडीच दिवस ठेवायचा. नुसत्या काचेची गव्हाण बैलाच्या शिंगानं तडकायची, ही तडकत नव्हती. मी दोन्हींच्या सारख्या पट्ट्या कापून मधोमध वजन टांगून पाहिलं. नवी पट्टी जवळजवळ दीडपट वजन घेत होती.

गिऱ्हाइकांचा विश्वास बसेना. "प्लास्टिकात वाख म्हंजी भेसळच की," असं तोंडावर म्हणायचे. म्हणून एका बाजाराच्या दिवशी मी मेहुण्याच्या दुकानापुढं फळा लावला. रेझिन साठ टक्के, काच बावीस, वाख पंधरा, खडूची भुकटी तीन. बेरीज शंभर. गव्हाणी खपू लागल्या.

पेटंटचा अर्ज त्यानंतर आठ महिन्यांनी केला. मिश्रण आपल्या नावावर झालं तर मोठे कारखाने ते उचलणार नाहीत, एवढीच मेहुण्याची इच्छा होती. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर एका कंपनीनं विरोध नोंदवला. त्यांचे मुद्दे दोन. वाख चुन्यात भिजवणं दोर वळणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. आणि हे मिश्रण अर्जाआधीच लोकांपुढं होतं. पुरावा म्हणून माझ्या फळ्याचा फोटो. आमच्याच एका दूधवाल्यानं तो कौतुकानं गावाच्या ग्रुपवर टाकला होता, तारखेसकट.

पुण्याच्या वकिलांनी आम्हाला बोलावलं. ते म्हणाले, "फोटोत खालचे दोन आकडे धूसर आहेत. फळा तुम्ही लिहिलाय. नेमके आकडे आठवत नाहीत, असं प्रतिज्ञापत्रात लिहिलं तर आपल्याला वादाला जागा मिळते."

मेहुणा माझ्याकडं बघत होता.

"आठवतात," मी म्हणालो. "पंधरा आणि तीन."

परत येताना एसटीत मेहुणा खिडकीशी बसला. बार्शीच्या पुढं आल्यावर म्हणाला, "दाजी, तुमाला लग्नाची तारीख ताईनं सांगावी लागती. ह्ये बरं ध्यानात ऱ्हायलं."

"सही करायची होती त्याच्यावर."

"व्हय. पर फळा लिवायला कुनी सांगितलं होतं? तितं काय दूध घालाय आलं होतं लोक?"

दुधाचा आकडा सांगितल्यानं दूध कुणाचं जात नाही. मिश्रणाचं तसं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

सुनावणी संगणकावर झाली. पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी माझ्या पट्ट्यांच्या चाचणीबद्दल नीट विचारलं. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं असतं तर वर्षभराची सवलत मिळाली असती. आठवड्याचा बाजार त्यात बसत नाही, असंही त्यांनी सांगितलं. दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला. दोन्ही मुद्दे कंपनीच्या बाजूनं लागले.

आदेश मी मेहुण्याला मराठीत समजावून सांगितला.

"म्हंजी आता त्यांनी केलं तरी चालतंय?"

"कुणीही केलं तरी चालतं."

तो उठला आणि साच्याला मेण लावायला लागला.

महिन्याभरानं परंड्याचा एक फायबरवाला दुकानात आला. सरळ माणूस होता, सरळच विचारलं. मेहुण्यानं त्याला चहा दिला आणि सगळं प्रमाण सांगितलं.

"आन् चुन्यात किती ठिवायचं?"

"येक दिस लई झाला," मेहुणा म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. अडीच दिवसांचा आकडा मी फळ्यावर लिहिला नव्हता; मी चहाचे कप उचलले.