सतरंज्या कोण उचलणार

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. त्यामुळे छापील फॉर्म दिसला की माझ्या मनात अजून थोडी भक्ती दाटते. नवऱ्याच्या नोकरीपायी झाशीला आले आणि ‘स्थानिक सर्जनशील निर्माते’ घडवणाऱ्या एका प्रकल्पात मला काम मिळालं, तेही अर्ज चांगला लिहिते म्हणून. शहरात स्वतःच्या बळावर कार्यक्रम उभे करणारी माणसं शोधायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यातल्या एकाला सीपरी बाजारातला हॉल वर्षभर वापरायला द्यायचा, अशी योजना होती.

मी शोधलेल्या बाई तिथेच ब्लाउज शिवायच्या. इकडे वरात निघून गेली की घरी उरलेल्या बायका दारं लावून पुरुषांची सोंगं काढतात. बाईंनी गल्लोगल्लीच्या अशा तीसेक बायका जमवून दुपारचे खेळ सुरू केले होते. पुरुषांना प्रवेश नाही. तालीम एका शेजाऱ्याच्या गच्चीवर चाले, पण तिथे आता वरचा मजला चढणार होता. लांब कुठे सुनांना घरून सोडणार नव्हते. हॉल मिळाला नाही तर मंडळी मोडणार, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

प्रशिक्षक दिल्लीहून आले. अंगात खादी, पायात पळायचे बूट. त्यांनी सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि आपापली सर्वांत मोठी अडचण लिहायला सांगितली. कुणी ‘ब्रँडिंग’ लिहिलं, कुणी ‘नेटवर्किंग’. बाई मला लाडानं ‘बिन्नू’, म्हणजे ताई, म्हणत. त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. “लिखो बिन्नू, कार्यक्रम के बाद दरियाँ कौन समेटेगा.”

सतरंज्यांचं ऐकून प्रशिक्षक हसले. “माताजी, ये तो छोटी बात है. थोड़ा बड़ा सोचिए.”

“आपने समेटी हैं कभी?”

प्रशिक्षक पुढच्या चिठ्ठीकडे वळले.

मग बाईंचा अर्ज मी लिहिला. त्या सासवांना कशा पटवतात, कोणत्या सुनेला कोणाच्या सोबतीनं आणतात, वीज गेली तर काय करतात, सगळं मुद्देसूद, शुद्ध हिंदीत. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं तेव्हाही इतकं मन लावलं नव्हतं. वाचून दाखवलं तर बाई म्हणाल्या, “ये कौन है? इनसे तो हमें भी मिलवा दो.”

निवड समितीनं अर्जाची फार स्तुती केली आणि तो बाजूला ठेवला. “इतनी सक्षम महिला को हमारी क्या ज़रूरत? सहारा उसे दें, जिसने अभी कुछ किया नहीं.” हॉल एका तरुणाला मिळाला. त्याच्याकडे बोधचिन्ह होतं, घोषवाक्य होतं. कार्यक्रम मात्र एकही केलेला नव्हता, आणि ही अट त्यानं शंभर टक्के पूर्ण केली होती.

मी बाईंना खरं ते सांगितलं. मी जरा वाईट लिहिलं असतं तर हॉल त्यांचा होता. त्यांनी मशीनवरून मान वर केली नाही. “तो अब भुगतो तुम. उस भैया को यहाँ ले आओ.”

तरुण आला. पंधरा दिवसांवर उद्घाटन; कलाकार नाहीत, प्रेक्षक नाहीत. बाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, “गाने वाली हम लाएँगे, देखने वाली भी. बदले में साल भर मंगल और शुक्र की दुपहरी हॉल हमारा. तुम बाहर सीढ़ी पर बैठोगे. दरियाँ तुम समेटोगे.”

तो माझ्याकडे बघू लागला. मी फाईलमध्ये बघू लागले.

उद्घाटन झालं, दुपारच्या तालमीही सुरू झाल्या. आत हसण्याचा कल्लोळ, बाहेर पायरीवर हा मोबाईल घेऊन बसलेला. पहिल्या दिवशी त्यानं शेंगांच्या टरफलांसकट सतरंज्या गुंडाळल्या. बाईंनी त्या सगळ्या उलगडून झटकायला लावल्या.

वर्षअखेरीच्या अहवालात एक रकाना होता : नव्या निर्मात्यानं समाजाला कसं घडवलं. मी लिहिलं, या तरुणाच्या मार्गदर्शनाखाली सीपरी बाजारच्या तीस महिलांनी प्रथमच मंडळी उभारली. समितीला वाक्य आवडलं. मला पुढच्या वर्षीही ठेवून घेतलं.

ते वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं आणि माफी मागितली. त्यांनी दातानं दोरा तोडला.

“रहने दो, बिन्नू. लड़का अब झाड़कर समेटता है.”