भरली का, वन्सं?

वहिनी गेली त्याला आता सव्वा महिना होईल. विलासचा, म्हणजे तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा सांगलीतल्या घरी मी न्हाणीतली बादली पालथी घालत होते. जुनी सवय आहे माझी. वापरून झालं की उरलेलं पाणी ओतायचं आणि भांडं पालथं घालायचं. शेजारणी हसतात, कामवाली वैतागते... ही सवय मला वहिनीनं लावली, आणि तिच्या जाण्याची बातमीही मी ती बादली हातात धरूनच ऐकली. “आत्या, आई गेली,” एवढंच विलास म्हणाला.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली ती लढाईच्या दिवसांत. आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत, त्यात माझा दादाही. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच तो ब्रह्मदेशाच्या बाजूला निघून गेला. घरात उरलो आई, मी आणि ही नवी नवरी. मी परकर नेसणारी शाळकरी पोर, पण मला ती ‘वन्सं’ म्हणायची आणि मी फुगून जायची. वहिनी खळखळून हसायची. आईला ते हसणं जास्त वाटायचं, पण कान मात्र तिकडंच असायचे.

दादा पुढच्या रजेवर येऊन गेला आणि वहिनीला दिवस राहिले. आईच्या माहेरी एक रीत होती : पोटुशी बाईच्या नजरेला रिकामं भांडं पडू द्यायचं नाही. दुसरी कुणी बाई असती तर तोंडानं सांगून मोकळी झाली असती. आमची आई तसली नव्हती. पळीभर तेल सांडलं तर घर डोक्यावर घेणारी ही बाई पहाटेपासून विहिरीवरून पाणी वाहायची. परसातला रांजण, हंडे, घागरी, ओळीनं मांडलेल्या कळश्या... सगळं काठोकाठ भरलेलं. वापर झाला की वरून भर घालायची, म्हणजे बूड कधी दिसायचंच नाही. वहिनीला तिनं साधा तांब्या उचलू दिला नाही. चुंबळ घासून आईच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते. सासूनं सुनेला इतकं जपलेलं मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

त्या वर्षी गावात हाडमोड्या ताप आला. आज त्याला डेंगी म्हणतात. रजेवर आलेल्या शिपायांनी आणला असं लोक बोलत. आधी मी पडले, मग आई, मग वहिनी. आम्ही दोघी उठलो. वहिनीचं अंग मात्र फणफणत राहिलं, डोळ्यांच्या खोबण्या दुखतात म्हणून ती रडायची, आणि ताप उतरायच्या आत तिचं पोट दुखायला लागलं. पाचवा महिना होता. सुईणीला बोलावलं, पण काही उरलं नव्हतं. शेजारच्या चुलत्यांनी ते इवलंसं गाठोडं मळ्याच्या बांधाला पुरलं. आई न्हाणीच्या दारात उभी होती. तिनं रागानं नाही, अगदी हळू विचारलं, “पोरी, रिकामी घागर बघितलीस का गं कुटं?”

वहिनीला खोटं बोलता येत नव्हतं. “व्हय आत्याबाई. मळ्यात लय तान लागली हुती. घागर कलती केली तवा बूड दिसलं.”

आईनं वहिनीला एका शब्दानं दुखवलं नाही, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगायची, “पोरीनं रिकामी घागर बघितली वं.” वहिनी मान खाली घालून ऐकायची. तिचं ते खळखळून हसणं गेलं ते गेलंच.

काही महिन्यांनी दादा रजेवर आला. पाय धुवायला त्यानं रांजणात तांब्या बुडवला आणि तांब्या उजेडात धरून तसाच उभा राहिला. पाण्यात बारीक वळवळे होते.

“आमच्या कॅम्पात असं पानी डब्यात सापडलं तर शिपायाला दिवसभर उन्हात उभं करत्यात,” तो म्हणाला. “ह्यातनंच डास हुत्यात. दिवसा चावत्यात. हाडमोड्या ताप त्येनंच येतो. डागदर सायेब सांगत हुता.”

वहिनीनं तांब्यात पाहिलं. “आन् त्या तापानं... पोटातलं जातं?”

“समद्यांचंच जातं असं न्हाई. पर जाऊ शकतं म्हनं.”

इतक्यात पुढच्या दारी आईचा खोकला ऐकू आला. ती भरली घागर घेऊन विहिरीवरून येत होती. वहिनीनं दादाच्या हातातला तांब्या घेऊन अळूच्या वाफ्यात ओतला. “आवं, आत्याबाईस्नी सांगू नगा. माज्यासाठीच पानी वाहिलंय त्येंनी. कळलं तर पान्याचा घोट घ्यायच्या न्हाईत. वन्सं, तुमी बी न्हाई.”

आम्ही बोललो नाही. दादा रजा संपवून गेला. आई बायकांना घागरीची गोष्ट सांगत राहिली. एकदा मला राहवलं नाही आणि मी तोंड उघडलं, तर वहिनीनं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. सुनेनं सगळा दोष आपल्या पदरात घ्यायचा आणि वर सासूचे पाय चेपायचे, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. आजही येतो.

लढाई संपली, दादा आला, वहिनीला पुन्हा दिवस राहिले. आईनं पुन्हा रांजण भरला. दुपारी आईचा डोळा लागला की वहिनी मला खुणावायची आणि आम्ही परसात जायचो. दादानं सांगितल्याप्रमाणं पाणी ओतून भांडी आतून काथ्यानं घासायची, मग ताजं पाणी भरायचं. पण वहिनी घागर कलती करायची ती डोळे घट्ट मिटून. आत हात घालून चाचपडत घासायची, तेही मिटल्या डोळ्यांनीच. विहिरीच्या खेपा माझ्याकडं. मी पाणी ओतत असताना ती तशीच आंधळ्यासारखी उभी राहून विचारायची, “भरली का, वन्सं?” मी “भरली” म्हणाले की मगच डोळे उघडायची. भर दुपारी कानाशी डास गुणगुणला तर काथ्या हातात धरून ताठ व्हायची, चेहरा पांढराफटक.

आईला काही उमगलं नाही. ओली माती बघून ती म्हणायची, “पानी कुटं मुरतंय? घरात हत्ती बांधलाय का काय?” विलास झाला तेव्हा तिनं गावभर सांगितलं, “ह्या बारीला घागर रिकामी दिसू दिली न्हाई म्या.” वहिनी म्हणाली, “व्हय आत्याबाई.” आई त्याच समाधानात गेली.

मी पुढं सांगलीत जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं. डासाची अंडी, अळी, कोष फळ्यावर काढताना दर वर्षी परसातला तो रांजण डोळ्यांपुढं यायचा. शेवटच्या भेटीत वहिनी अंथरुणावर होती. माझा हात धरून म्हणाली, “वन्सं, कुनाचं खरं वं? घागरीचं का डासाचं?”

“डासाचं, वैनी. लय येळा सांगितलंय.”

“मग मी डोळं का मिटत हुते?”

ती बांधाकडच्या खिडकीकडं बघत राहिली...

तेराव्याला गावी गेले. जेवणं उरकल्यावर परसात गेले तर पाहुण्यांसाठी भरून ठेवलेली पिंपं, हंडे आणि वहिनीची तांब्याची घागर, सगळी पाण्यानं भरलेली तशीच उघडी होती. वहिनी असती तर हे एक रात्रसुद्धा चाललं नसतं. मी पदर खोचून एकेक ओतायला लागले. विलासची सून रेखा मदतीला आली. तिला सहावा लागलाय. शिकलेली, चुणचुणीत पोर आहे. मी वहिनीची घागर कलती केली, पाणी निम्म्यावर आलं आणि माझा हात थांबला.

“रेखा,” मी म्हणाले, “डोळे मीट गं बाई.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मी घागर रिकामी केली, आतून घासली आणि नळाखाली धरली. पाण्याचा आवाज चढत गेला. माझ्या पाठीमागून रेखानं विचारलं, “भरली का, आजी?”