मैनेच्या पायातला ठेका

मुरुमची निकिता बँडच्या गाडीवर पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवायला चढली, तेव्हा पाहुण्यांच्या भुवया पार फेट्यापर्यंत गेल्या. वरातीत पोरगी वाजवणार? तेव्हा घोडीवाले बिराप्पामामाच पुढं झाले. "पोरगी वाजिवती, घोडी नाचती. तुमच्या पोटात का दुखायलंय?" त्या एका बोलण्यावर निकिताचं बस्तान बसलं. मामांचे हे उपकार ती आजही भेटेल त्याला सांगते, त्यानं विचारलेलं नसलं तरी.

बिराप्पामामांची मैना म्हणजे नाचणारी घोडी. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेताना ती अशी नाचायची, की लोक नवरदेवाला विसरून तिच्यासोबत फोटो काढायचे. तिच्यासाठी ढोल वाजवायला रामकिसनकाका असत. गेल्या उन्हाळ्यात काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ते लेकीकडं कळंबला गेले. जाण्याआधी निकितानं त्यांच्या ढोलाचा एकेक ठोका रेकॉर्ड करून लॅपटॉपवर बसवला. खाली घुमणारा बास घातला, वर चमचमते सूर सोडले. ठेका इतका पक्का, की तसूभर हलणार नाही. तरणी पोरं खूश. निकिता तर स्वतःवरच खूश.

मैना मात्र नाचेना.

एक लग्न गेलं, दुसरं गेलं. पाय उचलायची आणि तसाच खाली ठेवायची. घोडी म्हातारी झाली, असं लोक म्हणू लागले. बेंबळीच्या लग्नात तर ती मारुतीच्या वाटेवर खांबासारखी उभीच राहिली. वर नवरदेव घामाघूम, खाली करवल्या एकमेकींची तोंडं बघतायत. बिराप्पामामांनी मैनेच्या मानेवरून हात फिरवला आणि गाडीजवळ येऊन म्हणाले, "आता बास, निकिता. येत्या बाजारात इकून टाकतो हिला. नाचत न्हाय त्या घोडीला कोण बोलवतंय?"

निकिता गाडीच्या कडेला आली. ज्या माणसानं आपल्याला गाडीवर उभं केलं, त्याचीच घोडी आपल्या गाडीपुढं विकायला निघाली होती.

तिनं मैनेकडं नीट पाहिलं. मैना पुढचा उजवा पाय उचलून धरत होती. कशाची तरी वाट बघत होती. तेव्हा निकिताला काका आठवले. ढोल वाजवताना त्यांची मान कायम खाली असायची. तिला वाटायचं, म्हातारा लाजाळू आहे. अहो, लाजतोय कसला! काका घोडीचा पाय बघत होते. पाय वर आहे तोवर थांबायचं, टेकला की थाप द्यायची. लॅपटॉप कुणासाठी थांबतो होय?

निकितानं ठेका बंद केला. वरात एकदम गप्प झाली.

"मामा, लगाम ढिला सोडा. मला तिचे पाय दिसू द्या."

पाय टेकला, निकितानं पॅडवर थाप दिली. काकांचाच ढोल घुमला. मैनेनं कान टवकारले. दुसरा पाय उचलला आणि मुद्दाम जास्तच वेळ धरून ठेवला. निकिता थांबली. पाय टेकला, थाप पडली. मग मैना जी सुटली! निकितानं तिच्या मागोमाग हातानंच सूर जोडले, कुठं जमले, कुठं चुकले. नवरदेवानं फेटा दोन्ही हातांनी धरला.

मैना विकली गेली नाही. आता तिच्या पायातल्या घुंगरांजवळ एक छोटा बिनतारी माईक बांधलेला असतो. तो आवाज लॅपटॉपात येतो, निकिता तिथल्या तिथं त्याचे तुकडे करते, उलटे फिरवते, एकावर एक चढवते. दर वरातीत नवंच काहीतरी निघतं. नंतर ती ते फोनवरून काकांना ऐकवते. काका सगळं ऐकून एवढंच म्हणतात, "घाई करू नगं."

परवा मुरुमातल्या एका लग्नात कुणीतरी कौतुक केलं, तेव्हा मामांनी छाती फुगवून जुनंच सांगितलं, "पोरगी वाजिवती, घोडी नाचती."

"उलटं झालंय, मामा," निकिता म्हणाली. "वाजवती ती. मी नाचते तिच्या तालावर."

मामांनी खिशातला गुळाचा खडा काढला, अर्धा मैनेला चारला आणि अर्धा निकिताच्या हातावर ठेवला.