रंगाऱ्याच्या मुलीची मुरुमं

गॅरेजात त्यांना सगळे 'गुळगुळीत' म्हणत. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे, पुट्टी भरायची, घासायचं आणि वर रंग चढवायचा, हा त्यांचा धंदा. आणि दिसेल त्या वस्तूवरून बोट फिरवून उंचसखलपणा शोधणं हा स्वभाव. बँकेचं काउंटर, सासरचं कपाट, एकदा तर डुलकी लागलेल्या मेव्हण्याचं टक्कलही त्यांनी तपासलं होतं. शेजारी इंजिनात डोकं घालून बसलेल्या मिस्त्रीला ते रोज ऐकवत, "तुझं इंजिन कोण बघतं रे? लोक रंग बघतात."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीच्या गालांवर पंधराव्या वर्षी मुरुमांनी बस्तान मांडलं.

मुलीचा गळा सुरेख. शाळेच्या कार्यक्रमात तिला एकटीनं गायचं होतं. तिनं बाईंना सांगून टाकलं, घसा बसलाय. बाईंनी असे घसे बरेच पाहिले होते. त्यांनी तिचं नाव कायम ठेवलं. ते कळल्यावर मुलगी घरी खणखणीत आवाजात ओरडली, "मी स्टेजवर जाणार नाही! त्या दिव्यांत एकेक मुरूम शेवटच्या रांगेतून दिसेल!"

"घसा बसलाय म्हणे," आई म्हणाली.

गुळगुळीतांनी चष्मा लावून पाहणी केली. त्यांच्या मते मामला किरकोळ होता. "खरखरीत टॉवेलनं दाबून घास. खालचा थर साफ झाल्याशिवाय वरचं काही टिकत नाही."

बाबांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी चकचकीत होऊन निघते, हे मुलगी लहानपणापासून पाहत आली होती. तिनं आठवडाभर इमानेइतबारे घासलं. चेहरा लालभडक झाला आणि मुरुमं होती त्याच्या दुप्पट.

"पोर आहे ती, बॉनेट नव्हे!" आईनं नवऱ्याची हजेरी घेतली आणि दोघांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

"घासायला कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मुलीनं बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवण्यात गढले होते.

"सौम्य साबणानं दोन वेळा, हलक्या हातानं धुवायचं. रात्री हे मलम, अगदी पातळ. घासायचं नाही, फोडायचं नाही. दोन-तीन महिने लागतील."

"दोन-तीन महिने?" गुळगुळीत उसळले. "बाई, कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. काही अर्जंट नाही का होणार?"

"घाई केली तर काम बिघडेल."

हे वाक्य गुळगुळीत आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. ते ऐकायला इतकं वाईट वाटतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"आणि तुम्ही," बाई म्हणाल्या, "बोट लावायचं नाही."

त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर चौकशी सुरू झाली. "फरक पडतोय का? कुठवर आलं?"

"बाबा, तुम्ही गिऱ्हाइकासारखं करताय."

ते हात खिशात घालून निघून जात. खिशातही बोट वळवळत असे.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. लाली ओसरली होती, पण मुरुमं अजून मुक्कामाला होती. संध्याकाळी मुलगी डोळ्यांपर्यंत ओढणी गुंडाळून दारात उभी राहिली.

"बाबा, तुम्ही एवढ्या गाड्यांचे पोचे बुजवता. आजच्यापुरतं माझंही काहीतरी बुजवा ना."

गुळगुळीतांचं बोट खिशातून बाहेर आलं, गालापाशी पोचलं आणि मागे फिरलं. "नाही गं. खालचं काम व्हायच्या आत वर थर चढवला की सगळं फुगतं." धंद्यात त्यांनी आलेलं काम पहिल्यांदाच परत पाठवलं.

मुलगी पायरीवर बसली. समोर बाबांची स्कूटर उभी होती. जगाच्या गाड्या चकाकवणाऱ्याची ही स्कूटर कित्येक वर्षं निम्मी नुसत्या करड्या प्रायमरमध्येच होती, वर रंग नाहीच.

"ही अशी घेऊन येणार तुम्ही? शाळेत? सगळ्यांसमोर?"

"का? चालते की झकास!"

बोलून झालं आणि तेच चपापले. मुलगी बघतच राहिली.

"हे तुम्ही म्हणताय?"

"मिस्त्रीला सांगू नकोस."

ती खुदकन हसली. ओढणी सोडली, आणि जागेवरून उठली. "चला मग. आम्हा दोघींनाही तसंच न्या."

ती गायली तेव्हा गुळगुळीत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. समोरच्या खुर्चीच्या पाठीला मोठा पोचा होता. तो त्यांना दिसलाच नाही. टाळ्या थांबल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमची मुलगी का?"

"हो," गुळगुळीत म्हणाले. "रंगकाम चालू आहे अजून. पण इंजिन ऐकलंत ना?"